हमीदचाचा, त्यांची काळी कुत्री आणि माझी जबान

हमीदचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला एका सभागृहात उभा राहून, माणसानं माणसाची विचारपूस केली पाहिजे, या विषयावर बोलत होतो. वाक्य मुद्दाम जुळवल्यासारखं वाटेल, पण खरंच तसं होतं. वसतिगृहातल्या मुलींच्या पाण्याच्या प्रश्नावर सभा होती, मी शेवटचा वक्ता होतो आणि खिशातला फोन थरथरत होता. काढून पाहिलं तर इम्रान, म्हणजे चाचांचा मुलगा. मला वाटलं, नव्या पत्रकाच्या प्रुफाचं विचारत असेल. मी फोन कापला. तो पुन्हा आला, मी पुन्हा कापला. भाषण चांगलं झालं. टाळ्या झाल्या, चहा झाला, कुणीतरी फोटो काढले... आणि मग मी निरोप वाचला. 'अब्बा गेले. असरच्या नमाजनंतर मिट्टी आहे.' लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोचली तेव्हा कबरस्तानातून परतलेली माणसं गल्लीतल्या नळावर पाय धूत होती. इम्राननं मला मिठी मारली आणि उलट मलाच समजावल्यासारखं म्हणाला, "तुम्ही कामात असाल, मला समजलं व्हतं." तो रागावला असता तर मला बोलता आलं असतं. रागावलेल्या माणसाशी बोलायची मला सवय आहे.

चाचांचा छापखाना गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत होता. माझे वडील नांदेडचे, आयुष्यभर पत्रकं काढणारा माणूस. त्यांचा मजकूर बघितला की नांदेडच्या छापखान्यांची मशीनं बिघडायची, म्हणून ते लातूरला यायचे. चाचा मजकूर वाचायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि एवढंच विचारायचे, "खाली नाव कुणाचं?" वडील म्हणायचे, माझं. "मंग छापतो." आणि त्या नावाच्या खाली मुद्रक म्हणून स्वतःचं नावही टाकायचे, वाचता येईल अशा टायपात. मी त्या पत्रकांवर वाढलो. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर मी चित्रं काढली, त्यांची कव्हरं माझ्या पुस्तकांना होती, आणि शाळेत 'कमळ' वाचायला शिकण्याआधी मला 'धिक्कार असो' वाचता येत होतं. पुढं लातूरला राहून मीही लिहायला लागलो तेव्हा माझी पत्रकं दुसरीकडं कुठं छापली जाणार?

आमच्या घरात भूकंपाची गोष्ट वीरकथेसारखी सांगितली जायची. गणपती बुडवून माणसं झोपली होती आणि पहाटे जमीन हलली. चाचांच्या छापखान्यात भिंत पडली नाही, पण खिळ्यांच्या सगळ्या केसी, म्हणजे टायपाचे कप्पे, उलथल्या. शिशाची हजारो अक्षरं जमिनीवर एकमेकांत मिसळली. घरात थांबायची कुणाची छाती नव्हती, अख्खं लातूर रस्त्यावर होतं. माझे वडील तिथं पोचले आणि दोघं जण अक्षरं बाहेर आणून, गल्लीत सतरंजी टाकून निवडत बसले. ठेवायला काही नव्हतं म्हणून चाचीनं घरातली भांडी दिली. 'क' पातेल्यात, 'म' परातीत, काने-मात्रे तांब्यात. मग स्वयंपाक कशात करायचा, यावरून चाची जे बोलली ते आमच्या घरी अजून हसत सांगतात. त्या निवडलेल्या अक्षरांनी त्यांनी एक पत्रक छापलं. कुठल्या गावात चादरींचे ढीग लागलेत आणि कुठल्या गावात अजून कुणी फिरकलेलंच नाही, एवढंच त्यात होतं. मी कॉलेजात असताना यावर मोठा लेख लिहिला आणि चाचांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "कामरेड, त्या म्हैन्यात लग्नपत्रिका कोण छापणार व्हतं? रस्त्यावर बसून हात रिकामे राहीनात, म्हणून छापलं." कामरेड म्हणजे मी. ते नाव त्यांनी मला मिसरूड फुटायच्या आधी ठेवलं होतं, आणि त्यात कौतुक किती अन् टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

मग लातूरला क्लासचं पीक आलं. आमच्या बघता बघता घरांवर मजले चढले, प्रत्येक मजल्याच्या खोल्या झाल्या, खोल्यांत खाटा, खाटांवर कुठून कुठून आलेली मुलं. चौकाचौकात पास झालेल्या पोरांचे चेहरे टांगले जाऊ लागले, माणसापेक्षा मोठे. इम्राननं मेन रोडवर फ्लेक्सचं दुकान टाकलं ते चालायला लागलं आणि मागच्या गल्लीत चाचा आपल्या जुन्या ऑफसेट मशीनवर त्याच क्लासची हँडबिलं काढत बसले. मी चिडायचो. म्हणायचो, "चाचा, तुम्ही लेकरांच्या कपाळावर मार्क छापता. लाज वाटत नाही?" ते मशीनवरून मान न उचलता म्हणायचे, "तुझं पत्रक फुकट छापायचं तर कुणाची तरी पोरं पास व्हाया पाहिजेत का न्हाई?" मग मी आणखी मोठ्यानं बोलायचो.

कुत्रीची गोष्ट चाची वारल्यानंतरची. गावाबाहेर भटक्या जनावरांचा एक निवारा आहे, तिथली पल्लवी नावाची मुलगी एक हँडबिल छापायला घेऊन आली. चार पिल्लांचे फोटो आणि वर 'आम्हाला घर हवंय'. चाचांनी हलक्या कागदावर ते काढून दिलं. तांबूस पिल्लं फोटोत छान आली. काळ्या पिल्लाचा मात्र नुसता डाग उठला, डागात दोन पांढरे ठिपके. पुढच्या खेपेला पल्लवी आली तेव्हा चाचांनी सहज विचारलं, आणि ती म्हणाली की बाकीची तिन्ही गेली, काळी तेवढी राहिली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर चाचा ते हँडबिल समोर घेऊन बसलेले. "शाई जास्त लागली माझ्याकडून," ते म्हणाले. "लोकांना ते कुत्रं हाय का काय हाय, हेच कळलं न्हाई." मी म्हणालो, चाचा, काळ्या कुत्र्याला लोक तसंही घेत नाहीत, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे, यावर आपण एक पत्रकच काढू...

"पत्रक नको," चाचा म्हणाले. "गाडी काढ."

मला लहानपणापासून कुत्र्यांची भीती. निवाऱ्याच्या फाटकाबाहेरच मी थांबलो. जाळीतून बघत होतो. चाचा ओट्यावर बसले न बसले तोच ती काळी कुत्री आली, पिल्लू कसलं, हातापायांनी लांबलेलं पोरच होतं ते. तिनं त्यांच्या कुर्त्याच्या खिशातला रुमाल ओढला आणि अंगणभर धावायला लागली. चाचा उठले, दोन पावलं पळाले, खोकत थांबले. ती परत आली, रुमाल त्यांच्या पायाशी टाकला आणि त्यांनी वाकायच्या आत पुन्हा उचलून पळाली. सत्तरी ओलांडलेला तो माणूस कमरेवर हात ठेवून हसत होता. चाची गेल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं.

मग पल्लवीनं खुर्ची दिली आणि विचारायला सुरुवात केली. नाव काय, राहायला कुठं, आधी कधी जनावर पाळलंय का. मी जाळीजवळून ऐकत होतो. आणि मग ती म्हणाली, "काका, घरी आणखी कोण असतं? तुमच्या पाठीमागं हिचं कोण बघणार?"

माझं डोकं फिरलं. फाटक उघडून मी आत गेलो. मी म्हणालो, नाव ऐकल्यावरच हा प्रश्न तुम्हाला का सुचला? बाकीची तीन पिल्लं नेली त्यांना विचारलं होतं का? ह्या माणसानं भूकंपात काय काम केलंय, माहीत आहे तुम्हाला? बोलत गेलो. समता आली, संविधान आलं. पोरगी लाल झाली, म्हणाली, "अहो, मी वय बघून विचारलं, सगळ्यांनाच विचारतो आम्ही." मी म्हणालो, हमी पाहिजे ना तुम्हाला? मी देतो. यांच्या पाठीमागं मी सांभाळीन ही कुत्री. जबान देतो. पल्लवी म्हणाली, "ठीक आहे. जबान दिलीत, बास."

परत येताना स्कूटरवर मी पुढं, चाचा मागं आणि मधे टॉवेलात गुंडाळलेली कुत्री, तिचं ओलं नाक माझ्या पाठीला. मी आखडून बसलो होतो. चाचा टॉवेल सारखा करत होते. मग म्हणाले, "पोरगी बरोबर बोलली रे."

"तिनं तुमचं नाव ऐकून—"

"नाव नंतर ऐकलं तिनं. आधी खोकला ऐकला." मग ते म्हणाले, "आन् जबान काय म्हणून दिलीस? तू तर गेटाच्या भाईर उभा व्हतास."

"तत्त्वाचा प्रश्न होता, चाचा."

"तत्त्वाला भाकर कोण घालणार?"

त्यांनी तिचं नाव शाई ठेवलं. ती छापखान्यातच राहायची. नमाजाच्या कपड्यांचा एक जोड त्यांनी आतल्या खुंटीवर वेगळा ठेवला होता. वेळ झाली की हातपाय धुऊन, कपडे बदलून ते मशिदीत जायचे आणि परत आल्यावर पुन्हा शाई लागलेला कुर्ता घालायचे. कुत्रीची लाळ लागलेल्या कपड्यानं नमाज होत नाही असं मानतात, म्हणून ही सोय. गल्लीत एक-दोघांनी सुरुवातीला विचारलं असेल, चाचांनी खुंटी दाखवली असेल, विषय संपला. मला मात्र त्यात लेख दिसला. रूढीला आव्हान देणारा वृद्ध मुद्रक, वगैरे. लिहून मी त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी केली आणि परत दिला. "माझं कुत्रं तुझ्या लेखासाठी न्हाई. गल्लीत कुणाला काई वाटंना, तू वाटाया लावू नको." मी रुसलो. चांगला महिनाभर मी तिकडं गेलो नाही. एका म्हाताऱ्याला एक खेळकर जीव मिळाला होता, आणि मला त्याच्यातून मथळा काढायचा होता.

नंतर जायचो, पण कामापुरता. दारातूनच मजकूर द्यायचा, दारातूनच गठ्ठा न्यायचा. कुत्री कधी दिसायची नाही. मला वाटायचं, माझ्या भीतीपोटी चाचा तिला मागं बांधून ठेवतात, आणि मनातल्या मनात मी त्यांचे आभार मानायचो. त्यांचा दमा वाढत होता. मशीनजवळ उभं राहताना ते टेबलाला धरायचे. मी म्हणायचो, चाचा, दवाखान्यात दाखवा, आणि उत्तर ऐकायच्या आत माझ्या सभेचं सांगायला लागायचो.

चाचांचा चाळिसावा दिवस व्हायच्या आधीच एका सकाळी इम्राननं मला छापखान्यात बोलावलं. ऑफसेट विकून झालं होतं. कामगार प्लायवूडची फळी कापत होते, जागा अभ्यासिकेला दिली होती. पोरं बसतील, एकेका फळीच्या आड एकेक. मी रागावणार होतो, पण इम्रानच्या चेहऱ्याकडं बघितलं. दुकानाचे हप्ते त्याला भरायचे आहेत, मला नाही. कोपऱ्यात शाई बसली होती. मोठी झाली होती, अंग चमकत होतं. इम्रान म्हणाला, "घरी नेली असती, पण बारक्याला अब्बासारखाच दमा हाय. डॉक्टर नको म्हणतात." मग जरा अडखळत म्हणाला, "अब्बा बोलले व्हते, तुम्ही तिथं जबान दिली म्हणून."

मी घरमालकाचं सांगितलं. माझी खोली क्लासच्या भागात, वरच्या चार खोल्यांत परीक्षेची मुलं, मालक पावलांचा आवाजसुद्धा चालवून घेत नाही. सगळं खरं होतं. मी ते व्यवस्थित, मुद्देसूद मांडलं. इम्रान मान हलवत होता. "हाव, बरोबर हाय तुमचं. मी नेऊन सोडतो तिला परत." त्यात टोमणा नव्हता. आयुष्यभर मी दिलेला शब्द न पाळणाऱ्यांवर पत्रकं काढली. आणि माझा शब्द मला परत देणारा हा माणूस कामगारांना पाणी आणायला निघाला होता. मी म्हणालो, राहू दे, मीच नेतो. निदान तेवढं तरी.

रिक्षात ती माझ्या पायाशी बसली. मी दोरी दोन्ही हातांनी धरली होती. फाटकाशी पल्लवीच होती. तिनं मला ओळखलं, कुत्रीलाही ओळखलं. चाचा गेल्याचं तिला कळलं होतं. ती मागचं काही बोलली नाही. तेव्हाचं माझं अख्खं भाषण त्या अंगणात कुठंतरी उभं होतं आणि ती त्याला वळसा घालून मला खुर्ची देत होती. म्हणाली, "तिच्या सवयी सांगा. पुढं कुणी नेलं तर त्यांना सांगायला लागतात. काय खाते? कशाला घाबरते?"

मला एकही सांगता येईना. माझ्याच जबानीवर आलेली कुत्री, आणि ती काय खाते हे मला माहीत नव्हतं. मी इम्रानच्या घरी फोन लावला. त्याची बायको शबाना बोलली. चाचांचा डबा घेऊन छापखान्यात रोज तीच जायची.

"भाई, सुकी भाकर खात न्हाई ती," शबाना म्हणाली. "चहात बुडवून द्या, अब्बा तसंच द्यायचे. दुपारी पंखा लावला की पंख्याखाली न्हाई, अब्बांच्या चपलीवर डोकं ठेवून झोपती. चपला आम्ही अजून फेकल्या न्हाईत, पायजेत तर पाठवते."

मी ऐकत होतो आणि पल्लवीला सांगत होतो. पल्लवीनं विचारलं, कशाला भिते? मी शबानाला विचारलं.

"आता काय सांगू भाई... जोरात बोललेलं न्हाई चालत तिला. टेबलाखाली जाऊन बसती. अब्बा हसायचे, म्हणायचे, कामरेड आला की हिचा कर्फ्यू."

मी हे पल्लवीला सांगितलं नाही. एवढी वर्षं मी समजत होतो की माझ्यासाठी कुत्रीला बांधलं जातंय. ती बांधलेली नव्हती. ती माझ्या आवाजापासून लपत होती, आणि चाचांनी हे मला एकदाही बोलून दाखवलं नाही.

"आन् खेळायचं असंल तर," शबाना सांगत होती, "कागदाचा बोळा करून फेका. खराब निघालेले कागद अब्बा फेकायचे ना, ती एकेक आणून त्यांच्या हातात द्यायची. मशीन बंद पडली तरी दोघांचं तेच चालायचं. चेंडू दिला तर बघत न्हाई, कागदच पायजे."

फोन ठेवला. पल्लवी म्हणाली, "सोडायला आलेलं माणूस इतकं कधी सांगत नाही." मी म्हणालो, मी नाही सांगितलं. मग मी उठलो, तिच्या हातात दिलेली दोरी परत मागितली आणि ह्या वेळी काहीही न बोलता शाईला घेऊन फाटकाबाहेर पडलो. घरमालकानं खोली सोडायला महिनाअखेरची मुदत दिली. आता मी गावाच्या टोकाला, पत्र्याच्या एका खोलीत राहतो, जिथं आजूबाजूला कुणाचीच परीक्षा नाही. याला कुणी तत्त्व म्हणू नये. तत्त्व मी त्या सकाळी इम्रानपुढं मुद्देसूद सोडून दिलं होतं. मी हळू आवाजात बोलायला शिकतोय, एवढंच. अजून जमत नाही. परवा फोनवर कुणाशी तरी भांडलो आणि वळून पाहिलं तर ती खाटेखाली.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा पहिलं वाक्य होतं, 'एका लढवय्या मुद्रकाची अखेर.' वाचलं, लाज वाटली, बोळा करून कोपऱ्यात फेकला. शाई उठली, बोळा तोंडात धरून आली आणि माझ्या मांडीवर ठेवून समोर बसली, शेपटी हलवत. मी दुसरं लिहिलं, 'भूकंपातून अक्षरं वाचवणारा माणूस.' तेही फेकलं. तेही परत आलं, लाळेनं भिजलेलं. मी लिहीत होतो, फेकत होतो, आणि माझं प्रत्येक मोठं वाक्य ती आनंदानं परत आणून देत होती, पुन्हा फेकावं म्हणून वाट बघत होती. चाचांच्या हातानं असे किती कागद फेकले असतील आणि किती परत घेतले असतील! त्या कागदांत माझीही पत्रकं असणारच. शेवटी मी ओले बोळे एकेक करून उलगडले, खाटेवर वाळत घातले, आणि तिला चहात भाकर बुडवून दिली.